आतड्याचा पीळ आणि संमतीची सही

विनयपिटकातील महावग्गात जीवक वैद्याची एक कथा आहे. कोलांट्या मारण्याच्या खेळात वाराणसीच्या एका श्रेष्ठिपुत्राच्या आतड्याला पीळ पडला. त्याला पेज पचेना, भात पचेना, मलमूत्राचे विसर्जन नीट होईना. तो वाळत गेला, पिवळा पडला, अंगावरच्या शिरा दिसू लागल्या. श्रेष्ठीने राजगृहास जाऊन बिंबिसार राजाकडे जीवकाची मागणी केली. जीवक आला. त्याने माणसांना बाहेर काढले, पडदा लावला, रुग्णाला खांबाला बांधले आणि त्याच्या पत्नीला समोर उभे केले. पोटाची कातडी चिरून त्याने पिळलेले आतडे बाहेर काढले, ते पत्नीला दाखवले, पीळ सोडवला, आतडे पुन्हा आत ठेवले, पोट शिवले आणि वर मलम लावले. श्रेष्ठिपुत्र थोड्याच दिवसांत बरा झाला.

ही कथा आम्ही लहानपणापासून विहारात ऐकत आलो. जीवकाच्या कौशल्याचे कौतुक म्हणूनच ती सांगितली जात असे आणि आम्हीही ती तशीच ऐकली. पत्नीला समोर उभे करून आजार दाखवण्याचा तपशील आमच्या ध्यानात आला तो गेल्या नोव्हेंबरात, नागपुरात आमच्या वडिलांच्या आतड्याला पीळ पडला आणि आम्ही इंग्लंडात फोन कानाला लावून बसलो होतो तेव्हा.

रात्रीचा एक वाजला होता. नागपुरात सकाळचे साडेसहा. धाकटी बहीण म्हणाली, "दादा, डॉक्टर सही मागताहेत. बाबा म्हणतात, तुला विचारल्याशिवाय करायची नाही."

बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले, वय ७१, मधुमेही, हृदयात एक स्टेंट. तीन दिवस पोट फुगले होते, शौच नव्हते, वारा सरत नव्हता. घरात ओवा झाला, हिंग झाले, चूर्ण झाले. गॅस असेल, उतरेल, असे म्हणत तीन दिवस गेले. या तीन दिवसांचा दोष आम्ही कोणा एकाच्या माथी मारत नाही. आम्हीही दुसऱ्या दिवशी फोनवर "थोडे चाला, बरे वाटेल" असेच सांगितले होते.

पीळ म्हणजे काय

मोठ्या आतड्याचा शेवटाकडचा, गुदाशयाच्या आधीचा वळणदार भाग म्हणजे सिग्मॉइड. काही माणसांत हा भाग लांब आणि सैल असतो. वय आणि जुनाट बद्धकोष्ठता यांची त्यात भर पडली की तो स्वतःच्याच देठाभोवती फिरू शकतो. त्यातून दोन गोष्टी घडतात. आतड्याची वाट बंद होते, आणि देठातून जाणाऱ्या रक्तवाहिन्या पिळल्याने रक्तपुरवठा तुटू लागतो. पहिल्या गोष्टीने पोट फुगते, दुसऱ्या गोष्टीने आतडे मरते. आफ्रिकेत आणि आपल्या दक्षिण आशियात हा आजार पश्चिम युरोपपेक्षा अधिक आढळतो.

रुग्ण लवकर पोहोचला आणि आतडे जिवंत असले, तर बहुधा पोट उघडावे लागत नाही. गुदद्वारातून दुर्बीण घालून कोंडलेली हवा आणि मळ मोकळा करता येतो, पीळ सुटतो. पुढे तो पुन्हा पडण्याचा संभव मोठा असल्याने प्रकृती सावरल्यावर तेवढा सैल भाग नियोजित शस्त्रक्रियेने काढावा, असा सल्ला दिला जातो. आतडे काळे पडले असेल किंवा फुटले असेल, तर मात्र पोट तातडीने उघडण्यावाचून मार्ग राहत नाही आणि मृत्यूचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. ओवा आणि हिंग यांत गेलेल्या तीन दिवसांची किंमत ती हीच.

बाबांच्या सिटी स्कॅनमध्ये आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्याची चिन्हे होती. सर्जनने सांगितलेला बेत असा होता : मेलेला भाग काढायचा, खालचे टोक शिवून बंद करायचे, वरचे टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर आणून तेथे पिशवी लावायची. फ्रान्सचे शल्यविशारद आंरी हार्टमन यांनी १९२१ मध्ये ही पद्धत मांडली, म्हणून तिला त्यांचे नाव आहे. दोन टोके तेथल्या तेथे का जोडत नाहीत, हा प्रश्न आम्हीही विचारला. सुजलेल्या, दूषित पोटात, खालावलेल्या रक्तदाबात घातलेला जोड सुटण्याची भीती मोठी असते. जोड सुटला की मळ पोटात पसरतो, आणि त्या धक्क्यातून ७१ वर्षांचा मधुमेही माणूस वाचेलच असे नाही.

आकड्याचे ओझे

आम्ही व्यवसायाने सॉफ्टवेअर अभियंते. संकटात हात आपोआप कीबोर्डकडे जातो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१३ पासून पोटाच्या तातडीच्या मोठ्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय तपासणी चालते आणि तिच्या नोंदींवर आधारलेले धोका मोजण्याचे एक गणकयंत्र उपलब्ध आहे. बहिणीने पाठवलेले रक्ताचे अहवाल, वय, नाडी, रक्तदाब असे सारे आम्ही त्यात भरले. उत्तर आले : तीस दिवसांत मृत्यूचा संभव शंभरात सुमारे वीस.

त्या आकड्याने आम्हांला अर्धा तास निकामी केले. थोडे शांत झाल्यावर आमच्याच व्यवसायातील दोन साध्या गोष्टी आठवल्या. पहिली : असे प्रतिमान ज्या नोंदींवर शिकते, त्या लोकांपुरतेच ते भरवशाचे असते. इंग्लंडमधील रुग्णालयांवर शिकलेले गणित नागपुरातील एका रुग्णालयाला जसेच्या तसे लागू पडेल, असे मानायला आधार नाही. दुसरी : शंभरात वीस हे बाबांचे भविष्य नव्हे. त्यांच्यासारख्या शंभर जणांचे काय होते, याची ती बेरीज आहे. बाबा वाचलेल्यांत असतील की गेलेल्यांत, हे ती सांगत नाही.

मग आकड्याचा उपयोग काय? उपयोग आहे, पण वेगळा. त्याच राष्ट्रीय तपासणीत पाच टक्क्यांहून अधिक धोका असलेला रुग्ण उच्च धोक्याचा मानतात. अशा रुग्णासाठी अनुभवी सर्जन आणि अनुभवी भूलतज्ज्ञ स्वतः शस्त्रक्रियागृहात हजर असावेत आणि नंतर रुग्ण अतिदक्षता विभागात जावा, अशी अपेक्षा असते. हा आग्रह धरल्यानंतरच्या काळात तेथील तीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण पहिल्या अहवालातील सुमारे ११ टक्क्यांवरून पुढे सुमारे ९ टक्क्यांवर आले. म्हणजे आकडा घाबरण्यासाठी नसून तयारी मागण्यासाठी असतो. आम्ही बहिणीला एवढेच विचारायला सांगितले : भूल कोण देणार? नंतर अतिदक्षता विभागात खाट आहे का? रक्ताची सोय झाली का? तिन्ही उत्तरे नीट मिळाली.

देशादेशांतील फरकाविषयीही बोलले पाहिजे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५८ देशांतील दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या पोटाच्या तातडीच्या शस्त्रक्रिया पाहिल्या गेल्या. मानव विकास निर्देशांकात वर असलेल्या देशांत तीस दिवसांतील मृत्यू ४.५ टक्के होते, मधल्या देशांत ६ टक्के आणि तळाच्या देशांत ८.६ टक्के. सर्जनचा हात हे या फरकाचे एकमेव कारण नव्हे. रुग्ण किती उशिरा पोहोचतो, रक्त आहे का, रात्री भूलतज्ज्ञ आहे का, नंतर लक्ष ठेवणारी परिचारिका किती रुग्णांमागे एक आहे, या साऱ्यांनी तो ठरतो. साध्या शिस्तीनेही पुष्कळ साधते. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणीयादी दिल्लीसह जगातील आठ शहरांतील आठ रुग्णालयांत वापरून पाहिली गेली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गंभीर गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आल्या. रुग्णाचे नाव, शस्त्रक्रियेची जागा, प्रतिजैविक, रक्त यांची मोठ्याने विचारपूस करणे एवढेच त्या यादीचे स्वरूप आहे.

सही कोणाची

सर्व सोय झाली, तरी बाबा सही करेनात. मरणाचे त्यांना भय नव्हते. पिशवीचे होते. बहिणीने फोन त्यांच्या हाती दिला. दुखण्याने आवाज बसलेला होता.

"मले ते पिशवी नको, बेटा. आपल्या बापजाद्यायनं लोकायची घाण उचलली. मी शिकलो, रेल्वेत लागलो, ते कायले? आता आपलीच घाण पोटावर बांधून फिरू का?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. ज्यांच्या पूर्वजांना घाणीशी जखडून ठेवून अपवित्र ठरवले गेले, त्या माणसाला पोटावरची पिशवी ही केवळ वैद्यकीय सोय वाटणार नाही, हे आमच्या गणकयंत्रात कोठेही भरता येत नव्हते. आम्ही तेव्हा जे केले ते आज योग्य वाटत नाही. आम्ही बहिणीला म्हणालो, "तू सही करून टाक. त्यांना नंतर समजावू."

बहीण आमच्याहून शहाणी निघाली. ती म्हणाली, "दादा, बाबा शुद्धीवर आहेत. सही त्यांची आहे."

कायदाही तिच्याच बाजूचा होता, हे आम्हांला नंतर कळले. समीरा कोहली यांच्या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हाच मुद्दा हाताळला. तपासणीसाठी भूल दिलेल्या महिलेच्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी तिचे अवयव काढले होते. रुग्ण सज्ञान आणि निर्णयक्षम असताना, जिवावर बेतलेले नसताना, आईची संमती ही तिची संमती ठरत नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. ब्रिटनमध्ये २०१५ च्या माँटगोमेरी खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले : काय सांगावे हे केवळ डॉक्टरांच्या रूढीवर सोडता येणार नाही, त्या रुग्णाच्या जागी असलेल्या माणसाला जो धोका महत्त्वाचा वाटेल, तो त्याला सांगितलाच पाहिजे. बाबांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट मृत्यूची टक्केवारी नव्हती. पिशवी होती. तिच्याविषयी त्यांच्याशी कोणी दोन मिनिटेही बोलले नव्हते.

बहिणीने सर्जनना बोलावून आणले. ते खाटेशेजारी बसले. त्यांनी कागदावर आतडे काढून दाखवले, कोठे कापणार, कोठे छिद्र येणार, पिशवी कपड्याखाली कशी राहते, वास का येत नाही, ती पुढे काढता येण्याजोगी आहे पण काढली जाईलच असे वचन नाही, हे सारे सांगितले. आणि काहीच केले नाही तर आतडे फुटेल, हेही सांगितले. दहा मिनिटे लागली. बाबांनी स्वतः सही केली. जीवकाने आतडे उघडून पत्नीला दाखवले, येथे एका कागदावर रुग्णालाच दाखवले गेले. आजार पाहण्याचा पहिला हक्क रुग्णाचा, एवढा फरक मधल्या अडीच हजार वर्षांनी केला असे म्हणता येईल.

शस्त्रक्रियेनंतरचे दिवस

पोटाची शस्त्रक्रिया "यशस्वी झाली" हे वाक्य शस्त्रक्रियागृहाच्या दारात ऐकू येते. खरा निकाल पुढच्या महिनाभरात लागतो. पहिल्या काही दिवसांत भय फुप्फुसांचे. दुखते म्हणून रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, आणि न्यूमोनिया होतो. म्हणूनच फुंकनळीचा व्यायाम करवून घेतात आणि दुसऱ्याच दिवशी खुर्चीत बसवतात. आतडी काही दिवस निपचित राहू शकतात. उलट्या होतात, पोट फुगते. आतड्याचा जोड घातला असेल तर तो सुटण्याचा धोका साधारण पाचव्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास अधिक. ताप, वाढलेली नाडी, वाढते पोटदुखी ही त्याची चिन्हे. जखमेत पू होणे, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे, वृद्धांना काही दिवस भ्रम होणे, आणि काही महिन्यांनी टाक्याच्या जागी हर्निया येणे, हीही नेहमीची संकटे.

बाबांना छातीत संसर्ग झाला, जखमेतून पू आला, दोन रात्री त्यांनी आम्हांला ओळखले नाही. चार दिवस अतिदक्षता विभाग आणि एकूण सोळा दिवस रुग्णालय. मग ते घरी आले. शंभरात वीस हा आकडा त्या दिवशी आम्ही विसरलो.

सगळ्याच शस्त्रक्रिया इतक्या जोखमीच्या नसतात. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची नियोजित शस्त्रक्रिया बहुतेकांना एक-दोन दिवसांत घरी पाठवते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये ती भारतात सुरू केली, आणि आज ती आपल्या तालुक्यांच्या गावीही होते. तरी तिच्यातही पित्तनलिकेला इजा होण्याचा धोका हजारात सुमारे तीन ते पाच एवढा आहेच. याउलट स्वादुपिंडाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत रुग्णालयाची निवड निर्णायक ठरते. अमेरिकेतील २००२ च्या एका मोठ्या अभ्यासात अशा शस्त्रक्रिया अगदी क्वचित करणाऱ्या रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण १६.३ टक्के होते आणि वारंवार करणाऱ्यांत ३.८ टक्के. म्हणून वेळ हाताशी असेल तेव्हा "आपण ही शस्त्रक्रिया वर्षातून किती वेळा करता?" हा प्रश्न उद्धटपणाचा नसतो.

पिशवी आणि विहार

घरी आल्यावर बाबांनी विहारात जाणे सोडले. रविवारची वंदना चुकली, मग पौर्णिमा चुकली. कोणी भेटायला आले की ते आतल्या खोलीत जात. आम्ही इंग्लंडातून सल्ला देत राहिलो : तीन-चार महिन्यांनी पिशवी काढून आतडे पुन्हा जोडून घ्या, पैशांची चिंता करू नका. मार्चमध्ये आम्ही नागपूरला गेलो आणि त्यांना सर्जनकडे घेऊन गेलो. तेथे कळले की ही दुसरी शस्त्रक्रियाही लहान नाही. जुन्या चिकटलेल्या पोटात पुन्हा शिरायचे, जोड घालायचा, जोड सुटण्याचा धोका पत्करायचा. वय आणि सोबतचे आजार यांमुळे मोठ्या संख्येने रुग्ण ती कधीच करून घेत नाहीत. बाबांचे हृदय पाहता सर्जन फारसे उत्सुक नव्हते. त्यांनी निर्णय बाबांवर सोडला.

त्या संध्याकाळी आम्ही पुन्हा आग्रह करू लागलो, तेव्हा बाबा म्हणाले, "मले आता सवय झाली. लाज कोनाले वाटते, मले का तुले?"

खरे सांगायचे तर आम्हांलाच वाटत होती. परदेशातून आलेल्या, चारचौघांत तर्काच्या गोष्टी सांगणाऱ्या मुलाला बापाच्या पोटावरच्या पिशवीची लाज वाटत होती, आणि ती लाज आम्ही काळजीच्या नावाखाली लपवली होती. ज्या शुद्धाशुद्धतेच्या कल्पनेला बाबासाहेबांनी आपल्या आयुष्यातून हद्दपार करण्यास शिकवले, ती अशी मागच्या दाराने घरात येऊन बसते.

विहारातील एका ज्येष्ठ उपासकांना आम्ही हे सांगितले. दुसऱ्या रविवारी ते स्वतः बाबांना न्यायला आले. वाटेत त्यांनी महावग्गातीलच दुसरी गोष्ट काढली : पोटाच्या विकाराने स्वतःच्या मलमूत्रात पडलेला, सोबत्यांनी टाकलेला भिक्खू आणि आनंदासह त्याला आपल्या हातांनी धुऊन खाटेवर निजवणारे तथागत. बाबांनी ती गोष्ट शंभरदा ऐकली असेल. त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. पण वंदनेला मागच्या भिंतीशी, दाराजवळ बसले. आता दर रविवारी जातात. जागा तीच, दाराजवळची. पिशवी भरली तर उठता यावे म्हणून. जोडशस्त्रक्रिया त्यांनी नाकारली आहे आणि तो निर्णय त्यांचा आहे.

वाचकांसाठी

आपल्यापैकी बहुतेकांचे आईवडील हजारो मैलांवर आहेत. म्हणून अनुभवातून आलेल्या काही गोष्टी येथे नोंदवतो.

पोट फुगणे, शौच आणि वारा दोन्ही बंद होणे, सोबत उलट्या किंवा सतत वाढणारी कळ, ही लक्षणे घरी थांबण्याची नाहीत. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, असे आज रात्रीच घरी सांगून ठेवा. आईवडिलांचे आजार, औषधे, जुन्या शस्त्रक्रिया यांची एक यादी त्यांच्याजवळ आणि एक आपल्याजवळ असू द्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती यादीत सर्वांत वर. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे आधीच तयार ठेवा.

डॉक्टरांना चार प्रश्न विचारा : फायदा काय, धोका काय, दुसरा मार्ग आहे का, आणि काहीच केले नाही तर काय होईल? शस्त्रक्रिया नियोजित असेल तर तंबाखू आणि सिगारेट किमान चार आठवडे आधी थांबवा, रक्त कमी असेल तर ते आधी वाढवा, साखर आटोक्यात आणा. पिशवी लागण्याची शक्यता असेल तर तिच्याविषयी आधी बोलणे घडवून आणा. ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था मुंबईत या कामासाठीच आहे. पिशवीचा खर्च दरमहा येतो, तो धरून चाला.

इंग्लंडात राहणाऱ्यांनी आणखी एक करावे. ५० ते ७४ वयोगटातील व्यक्तींना दर दोन वर्षांनी आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीची पेटी टपालाने घरी येते. मळाचा नमुना घ्यायचा म्हणून आपले अनेक बांधव ती तशीच कपाटात ठेवतात. ती परत पाठवा. कर्करोग लवकर सापडला तर शस्त्रक्रिया नियोजित होते, वेळ हाताशी राहतो.

आणि शेवटचे. रुग्ण शुद्धीवर असेल तर फोन त्याच्या हाती द्या. आधी त्याचे ऐकून घ्या. सही त्याची आहे.

जय भीम.